ढेकणांचा आळ

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. समोरच्याची चूक काढायला मला वेळ लागत नाही, स्वतःची कबूल करायला मात्र जीव जातो. हे आधीच सांगितलेलं बरं.

लेक पहिल्या बाळंतपणाला ऐरोलीला आमच्याकडे आली तेव्हा तिच्या खोलीतला एसी साफ करून घ्यायला मी मेकॅनिकला बोलावलं. तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकला आणि म्हणाला, बाहेरच्या मशिनमागे कबुतराचं घरटं आहे, दोन अंडी आहेत, काढून टाकू? लेक तिथंच पलंगावर बसली होती, नववा लागलेला. म्हटलं, अजिबात हात लावायचा नाही. पोर दिवसांत आणि आपण दुसऱ्या आईची अंडी सातव्या मजल्यावरून खाली फेकायची? मी देवाधर्माची फारशी नाही, पण अशा वेळी विषाची परीक्षा कोण घेईल! मेकॅनिक खांदे उडवून गेला.

नात झाली. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मालिशवाल्या मावशी यायला लागल्या. आमच्या टॉवरच्या मागे जुनं गावठाण आहे, रस्त्यानं मात्र मोठा वळसा पडतो, तिथल्या त्या. माझ्याच वयाच्या, पण हात असे की रडून निळीजांभळी झालेली नात त्यांच्या पायांवर पडली की गप्प. येताना त्या स्वतःची एक जुनी सुती साडी पिशवीत घालून आणायच्या. पाय लांब करून बसायचं, साडी पायांवर अंथरायची आणि त्यावर बाळ घ्यायचं, ही त्यांची पद्धत. दुसरं कापड दिलं तर म्हणायच्या, बालाला ह्येच मऊ लागतं. मीच कौतुक करकरून आमच्या सोसायटीत त्यांना आणखी चार घरं मिळवून दिली होती. त्या चार घरांवरच त्यांचं चालायचं, मुलाचं काम धरसोडीचं होतं.

नात तीन आठवड्यांची झाली आणि तिच्या अंगावर लाल पुटकुळ्या दिसायला लागल्या. पोटावर, काखेत, लंगोटाच्या कडेला, मोहरीएवढ्या. आधी म्हटलं घामोळं. मग म्हटलं डास, पण डासाची गांध मोठी असते, एखाददुसरी असते, आणि उघड्या अंगावर असते. मुंगी चावली तर टोकाला पाणी धरतं. पिसू घोट्याच्या वर जात नाही. असं एकेक मी लेकीला समजावून सांगत होते, फळ्यासमोर उभी असल्यासारखी. ती बिचारी रात्रभराची जागी, नुसती हं हं करत होती.

त्याच आठवड्यात कबुतराची पिल्लं उडाली होती. मी लेकीला हसत सांगितलंही, तुझ्या शेजारणीचं सुखरूप पार पडलं.

मग लेकीच्या दंडावर एका ओळीत तीन चावे उठले. मोबाइलवर बघितलं तर एका ओळीत तीन म्हणजे ढेकूण, असं जिथे तिथे लिहिलेलं. गादी उलटी केली, पलंगाचे सांधे टॉर्च लावून बघितले. ढेकूण सोडा, चादरीवर रक्ताचा ठिपका नाही की काळी घाण नाही. तरी मी ठरवून टाकलं की ढेकूणच.

आणि नेमका त्याच दुपारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. लेकीनं बाळाचं झबलं सावरायच्या आत त्यांना ते लाल अंग दिसलं, आणि लेक ढेकणांचं बोलून गेली. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गोड आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, ढेकूण का? आमच्याकडे कधी बघितलेच नाहीत हो. सांभाळा, नाजूक जीव आहे. नाहीतर पुढच्या रविवारी ह्यांना घेऊन येते आणि दोघींना इकडेच आणते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सव्वा महिना व्हायच्या आत पोरीला परत नेणार? का, तर माझं घर घाण! त्या रात्री माझ्या डोक्यात एकच विचार होता, माझ्या घरात ढेकूण नव्हते, म्हणजे कुणीतरी आणले.

सकाळी मावशी आल्या, बसल्या, साडी काढली. मी म्हटलं, "मावशी, ती साडी ठेवा आत. किती घरं फिरते ती." त्यांना आधी कळलंच नाही. मग मी स्पष्ट बोलले, ढेकूण त्यातूनच आले असणार म्हणून. मावशींनी बाळाचं पोट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, ढेकून आसता तर चादरीवर डाग दिसला आसता. ह्ये त्याहून बारीक हाय काय तरी. त्या खिडकीपाशी बगा जरा."

मला वाटलं, बाई विषय टाळतेय. शाळेत पोरं पकडली गेली की खिडकीबाहेर बोट दाखवायची, तसंच. म्हटलं, उद्यापासून नका येऊ. त्या साडीची घडी घालून गेल्या. लेक म्हणाली, "आई, जरा जास्तच बोललीस." मी तिलाही गप्प केलं.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण विहीणबाईंचे शब्द डोक्यातून जात नव्हते, आणि मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं की चूक माझी नाही. सोसायटीच्या लेडीज ग्रुपवर मी लिहिलं, 'मालिशच्या मावशींच्या सामानातून आमच्याकडे ढेकूण आले आहेत, ज्यांच्याकडे त्या येतात त्यांनी बाळाला जपा.' शुद्धलेखन तपासून लिहिलं. तासाभरात पंचवीस-तीस उत्तरं. बापरे, थँक्यू काकू, बरं झालं सांगितलंत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांत चारही घरांनी मावशींना बंद केलं.

पेस्ट कंट्रोल केलं, त्यासाठी बाळंतिणीला दिवसभर शेजारी बसवून ठेवलं. गादी देऊन टाकली. चावे थांबले तर नाहीतच, उलट वाढले. दुपारी लेकीजवळ आडवी झाले तर माझ्याही मानेवर उठले, आणि तेव्हा तर मावशी येऊन गेल्याला पाच दिवस झाले होते. तेव्हा कुठे बाळाला दवाखान्यात नेलं.

बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, खिडकीत कबुतरं आहेत का?

मी म्हटलं, होती, आता उडून गेली. त्या म्हणाल्या, "तेच. कबुतरांच्या अंगावर बारीक कीड असते, डोळ्यांना धुळीच्या कणासारखी. पिल्लं उडाली की घरट्यात ती उपाशी राहते आणि खिडकीच्या फटीतून घरात शिरते. घरटं काढा, सगळं धुऊन घ्या, थांबेल. ही माणसांच्या कपड्यांतून घरोघर फिरणारी कीड नव्हे."

घरी येऊन खिडकीच्या चौकटीवर पांढरा कागद ठेवला. थोड्या वेळानं कागदावरची धूळ चालायला लागली. मेकॅनिकला बोलावून घरटं काढलं, मशीन धुतलं, फटी बुजवल्या. चार दिवसांत नातीचं अंग निवळलं. लेकीनं खरं काय ते सासरी कळवलं, तशा विहीणबाई त्या रविवारी आल्या नाहीत, जावई एकटेच येऊन बाळाला बघून गेले. माझी अब्रू वाचली. मावशींची गेली होती.

ग्रुपवर चूक लिहायला मला बारा दिवस लागले. लेक रोज विचारायची, "लिहिलंस का?" मी म्हणायची, लिहिते. लिहायचे आणि पुसायचे. ज्या बोटांनी पाच मिनिटांत एका बाईचं काम घालवलं, त्यांना दोन ओळी जमेनात. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी लेक सासरी निघाली त्या सकाळी तिच्यासमोर लिहिलं, की ढेकूण नव्हतेच, कबुतरांची कीड होती, मावशींचा काही दोष नाही. तीन अंगठे आले. एकीनं लिहिलं, ओके काकू, पण आता दुसरी बाई लावलीय. एकीनं लिहिलं, तरी रिस्क नको ना, बाळाचा प्रश्न आहे. मग कुणीतरी पाण्याच्या टँकरचा विषय काढला.

त्या संध्याकाळी मी गावठाणात गेले. मावशींचं घर विचारत विचारत सापडलं. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं. मावशींच्या सुनेचं दुसरं बाळंतपण, हे सासरीच झालं होतं. मी म्हटलं, "मावशी, चुकले मी. तुम्ही खिडकी बघा म्हणालात, मी ऐकलं नाही." त्या म्हणाल्या, "बसा." आत बाळ रडतच होतं, आणि मावशी लसूणच सोलत होत्या.

मी विचारलं, "तुम्ही घेत नाही का त्याला?"

"सून नको बोलते," त्या म्हणाल्या. "ती तुमचेच बिल्डिंगमदी साफसफाईला होती ना, तिला कुनी मोबाइलवर दाखवलं. बोलते, आई, थोडं दिवस बालाला हात नका लावू."

मला बसवेना. आत गेले. सून खाटेवर बसली होती, बाळाला घेऊन थोपटत होती, थोपटणं जमत नव्हतं. मी शाळेत कधी बोलले नसेन इतकं हळू बोलले. सांगितलं की ते मीच लिहिलं होतं, ते खोटं होतं, तुझ्या सासूच्या साडीत काही नव्हतं, माझ्या नातीला त्यांच्याइतकं कुणी शांत केलं नाही. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "हो मॅडम. तुमी सांगता म्हनजे खरंच आसंल." आणि बाळाचं दुपटं आणखी वर ओढून घेतलं.

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं. मग मला म्हणाल्या, "चला, रिक्शापर्यंत येते."

नाक्यावर रिक्षा मिळाली. मी आत बसले तेव्हा त्यांनी दांडीला धरून विचारलं, "ताई, तुमी आता परत लिवलंय ना सगळ्यांना. मंग त्या चार घरांतल्या कुनी बोलावलं का?"

मी म्हटलं, "बोलावतील, मावशी."

त्या हसल्या, मान हलवली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, सांभाळून ने. त्याला आता वर्ष होत आलं. एकीनंही त्यांना बोलावलेलं नाही, आणि सुनेनं बाळ कधी त्यांच्या पायांवर दिलं का, हे विचारायची मला हिंमत झालेली नाही.