विनीच्या कॅलेंडरातले पाहुणे

रेव्हन्सबी म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक, पुढे समुद्रच. कंब्रियाच्या या किनाऱ्यावर रग्बी लीग खेळायला येणाऱ्या कुठल्याही संघाला चार-पाच तास बसमध्ये अंग आंबवून घ्यावं लागतं, मग ऐंशी मिनिटं चिखलात लोळावं लागतं, आणि त्यानंतर क्लबाच्या लांबलचक टेबलावर विनी टायसनच्या हातचं जेवायला बसावं लागतं. तिथली रीतच तशी. मैदानात एकमेकांच्या बरगड्या मोडायला निघालेले दोन संघ सामना संपला की शेजारी शेजारी बसून जेवतात.

विनीचा नवरा ॲलेक याच क्लबाकडून अकरा वर्षं खेळला. तो गेला तेव्हा विनी सत्तेचाळीसची होती. घरात एकाच माणसापुरतं शिजवणं तिला जमेना. भांडं गॅसवर चढवायची आणि तशीच उभी राहायची. महिन्याभरानं क्लबाचा सचिव बर्नार्ड किचिन दारात आला. सांत्वनाचं एक अक्षर न बोलता म्हणाला, "विनी, रविवारी चाळीस माणसं जेवायची आहेत आणि आमची बाई पळाली." विनीनं ॲप्रन उचलला आणि गेली. त्याला एकवीस वर्षं झाली. बर्नार्डचं ते वाक्य आठवलं की आजही तिला भरून येतं. बाई पळालीबिळाली काही नव्हती, हे तिला पुढे कळलं.

चाळीस माणसांचं रांधायचं तर अंदाज हवा. टॅटी पॉट, म्हणजे मटण, बटाटे न् कांदा थरावर थर रचून ओव्हनमध्ये तासन् तास शिजवलेलं, सोबत आंबवलेली लाल कोबी, आणि शेवटी तांदळाची खीर. पहिली बरीच वर्षं तिचं गणित सारखं चुकायचं. एका रविवारी भांडी चाटूनपुसून स्वच्छ, तर पुढच्या खेपेला अर्धं मटण परत. मग तिच्या ध्यानात आलं, की भूक ठरते आधीच्या सामन्यावरून. रविवारी खेळून पुन्हा रविवारी खेळणारी पोरं आडवा हात मारतात. गुरुवारी टीव्हीसाठी खेळून लगेच रविवारी आलेली पोरं मटणाकडे बघतही नाहीत, खिरीचे चार चमचे कसेबसे गिळतात. तेव्हापासून ती रांगेतल्या पहिल्या पाहुण्याला वाढता वाढता विचारायची, "शेवटचं कधी खेळलात रे?" आणि मागच्या दाराजवळच्या कॅलेंडरावर लिहून ठेवायची: तीन दिवस, अर्धं उरलं. सात दिवस, थोडं उरलं. संपलेली कॅलेंडरं तिनं फेकली नाहीत. नऊ वर्षांची नऊ, टेबलक्लॉथच्या कप्प्यात नीट ठेवली.

यंदा जानेवारीत नवं वेळापत्रक आलं आणि गावाचं डोकं फिरलं. रेव्हन्सबीच्या वाट्याला पाच वेळा गुरुवार-रविवारची जोडगोळी आली होती. संघ आधीच दुसऱ्या गटाच्या तळाशी. खाली घसरला तर स्वयंपाकघर बंद, जेवणाऐवजी सँडविचचे डबे, हे समितीनं आधीच ठरवून टाकलं होतं. बर्नार्डनं लीगच्या कचेरीला खरमरीत पत्र धाडलं. उत्तर आलं, की असं प्रत्येकच क्लब म्हणतो, पुरावा असेल तर घेऊन या.

बर्नार्डला विनीची कॅलेंडरं आठवली. मोठ्या उत्साहानं तो ती घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला.

"विनी, यात आपली पोरं कुठायत?"

"आपल्यांचं कशाला लिहू? त्यांची भूक मला पाठ आहे."

बर्नार्डनं कॅलेंडरं टेबलावर ठेवली. नऊ वर्षांत तिनं फक्त पाहुण्यांचा थकवा टिपला होता. त्याहून वाईट म्हणजे त्यानं रात्रभर जागून जुळवलेले आकडे. गेल्या वर्षी रेव्हन्सबीनं घरी सहा सामने जिंकले, त्यातले पाच तीनच दिवसांच्या विश्रांतीवर आलेल्यांविरुद्ध.

"हे घरीच राहू दे," तो म्हणाला. "हे दाखवलं तर पाहुण्यांनाही विश्रांती मिळेल, आणि आपले घरचे सामने गेलेच."

विनीनं बटाटे सोलायचे थांबवले नाहीत. स्वयंपाकघर बंद झालं तर काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पुन्हा एकाच ताटाचं रांधणं, पुन्हा तेच भांडं. एक बटाटा झाला, दुसरा झाला. मग ती म्हणाली, "थकलेल्या पोरांना हरवून मला काय मिळालं बर्नार्ड? उरलेलं मटण. घेऊन चल. मीही येते."

कचेरीत वेळापत्रक लावणारी फरझाना मलिक नावाची तरतरीत बाई होती. तिनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग कॅलेंडराकडे, आणि मग घड्याळाकडे पाहायचं विसरली. एका नोंदीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "मिसेस टायसन, 'फक्त खीर' म्हणजे काय?"

"म्हणजे चावायचंही त्राण नव्हतं," विनी म्हणाली. "पंचवीस वर्षांची धट्टीकट्टी माणसं. एक तर ताटावर डोकं ठेवून झोपला."

फरझानानं नऊही कॅलेंडरांची पानं उतरवून घेतली. तीन आठवड्यांनी सुधारलेलं वेळापत्रक आलं. गुरुवारचे सामने राहिले, पण त्यांच्या पुढचा-मागचा रविवार त्या त्या संघाला मोकळा. सगळ्यांनाच. गावात कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी कपाळाला हात लावला. फाटकावर तिकिटं फाडणारा म्हातारा हार्कर विनीला दर सामन्याला टोमणा मारायचा, "या, पाहुण्यांच्या आई!" विनी त्याला न चुकता एक वाटी खीर पाठवायची.

नव्या पत्रकानं रेव्हन्सबीचंही भलं केलं. बाहेरगावी त्यांनी तीन सामने जिंकले, आधीच्या तीन वर्षांत मिळून जिंकले नव्हते इतके. घरचे मात्र निसटत गेले. शेवटच्या रविवारी हॉल्मथॉर्पला हरवलं तरच संघ वाचणार होता. जुन्या पत्रकात हॉल्मथॉर्पची पोरं गुरुवारी खेळून येणार होती. आता सात दिवसांची विश्रांती घेऊन, ताजीतवानी उतरली. दोन्हीकडची पोरं शिट्टी होईपर्यंत धावत होती. विनीनं ओव्हन आईच्या मायेनं सांभाळत खिडकीतून पाहिलं. असा सामना तिनं ॲलेकच्या काळानंतर पाहिला नव्हता. सोळा-अठरा. रेव्हन्सबी दोन गुणांनी हरला आणि खालच्या गटात गेला.

जेवणाला सुरुवातीला नुसते चमचेच वाजत होते. मग हॉल्मथॉर्पचा कर्णधार जेरोम क्लेग तिसऱ्यांदा रांगेत आला.

"विनीमावशी, गेल्या वर्षी पण आम्ही इथे आलो होतो ना? मला जेवण आठवतच नाही."

"कसं आठवणार? ताटावर झोपलेला तूच होतास."

टेबल हसलं. आधी पाहुणे, मग आपली पोरंही. कुणीतरी शेजाऱ्याला कोबी सरकवली. वरची करपलेली बटाट्याची चकती कुणाची, यावरून दोन्ही संघांत खरीखुरी भांडणं लागली.

बर्नार्ड दारात उभा होता. बोलायचं काय ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं. तोच माणूस, तेच दार. एकवीस वर्षांपूर्वी त्यानं खोटं बोलून तिच्या हातात चाळीस ताटं दिली होती, आज खरं बोलून काढून घ्यायची होती आणि त्याला जमत नव्हतं.

"सँडविचच्या डब्यांचं मला माहितेय," विनीनंच त्याची सुटका केली. "तू आधी जेव. पण लवकर, नाहीतर काही मिळायचं नाही."

त्याला खरोखरच काही मिळालं नाही. भांड्याच्या तळाशी चमचा खरवडून विनीनं त्याला ब्रेडला लावून दिलं, तेवढंच. मग हात पुसले, मागच्या दाराशी गेली आणि कॅलेंडराच्या त्या चौकोनात नऊ वर्षांत कधीच लिहायला न मिळालेलं लिहिलं: सात दिवस. काही उरलं नाही.

पेन्सिल ठेवली आणि पुन्हा एकदा वाचलं. मग खाली, उरलेल्या एवढ्याशा जागेत, बारीक अक्षरात बर्नार्डचं नाव लिहिलं. आपल्यांपैकी पहिलंच.