निजवलेलं कमळ

अक्का गेल्याची तार धुळ्याला आली तेव्हा पौषातली थंडी होती. जळगावला पोचलो. माझी ही थोरली बहीण पुढच्या खोलीत चादरीखाली होती. तिच्या खांद्याला हात लावून हाक मारावीशी वाटली... मारली नाही.

साठ-बासष्टच्या सुमारास ती शिकवायची त्या शाळेत कोकणातून बदलून आलेल्या एका बाईंनी तिला निळ्या कमळाचे कंद दिले होते. उन्हाळ्यात अंगणातला हौद निळा होई. त्याकडे पाहत बसलं की हातातल्या पुस्तकाचं पान उलटायचं राहून जाई. पण केळीची पानं करपवणारी इथली थंडी त्या कंदांना सोसत नसे. दिवाळीनंतर अक्का ते काढायची, ओलसर वाळूच्या माठात घालायची आणि माठ चुलीमागच्या उबेला ठेवायची. याला ती निजवणं म्हणे. रोज मूठभर वाळू दाबून बघायची. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, म्हणजे ओल बरोबर.

एका हिवाळ्यात ती तापाने पडली होती. मी भेटायला गेलो आणि स्वयंपाकाला लागलो. माठात भाजीला अळकुड्या सापडल्या... एक सोलून झाली, दुसरी हातात, तेवढ्यात ती भिंत धरत आली. वर्गात शुद्ध बोलणारी अक्का घरात अहिराणीवर येई.

"अळकुडी नही शे ती, भाऊ. निजेल शे."

मी ओशाळलो. बाकीचे तरी जिवंत आहेत का, म्हणून वाळू उकरू लागलो, तर तिने मनगट धरलं.

"राहू दे. निजेल माणूसले हालवू नही."

एवढी पुस्तकं वाचून याला अळकुडी ओळखता येत नाही, हे मात्र ती पुढे वर्षानुवर्षं आल्यागेल्याला सांगत राहिली.

तेराव्यानंतर मी चुलीमागे गेलो. माठ जागेवर होता. वाळू मुठीत घेतली, तर ती बोटांतून गळून गेली. तिच्या आजारपणात पाणी शिंपायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. माठ मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. पारोळ्याला शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय आहे? बेणं आहे, म्हटलं.

आता माठ आमच्या चुलीमागे आहे. बायको म्हणते, एकदा उकरून बघा, मेले असतील तर उगाच कशाला आशा... तिचं चूक नाही. पण मी उकरत नाही. रोज थोडं पाणी शिंपडतो.

आज सकाळी वाळूचा गोळा झाला. बोट लावलं. फुटला.