कोणाला दाखवलंत?

वहिनी पेटंटची वकील आहे आणि तिच्या ऑफिसात मी यंत्रांच्या आकृत्या काढतो. दीर म्हणून सवलत नाही. रेघ चुकली की सगळ्यांदेखत खरडपट्टी. कारखानदार दारात आला की पाणी विचारायच्या आधी ती विचारते, "कोणाला दाखवलंत?" अर्ज करण्याआधी जगाला सांगितलेली युक्ती कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, म्हणून. दादा म्हणतो, लग्न ठरलं तेव्हा तेही हिने कोणाला सांगू दिलं नव्हतं.

त्या दिवशी चाकाच्या खुर्च्यांचे सुटे भाग बनवणारा एक जण आला. चाळिशीचा, नखांत ग्रीस. त्याने असा ब्रेक केला होता, की उतारावर ढकलणाऱ्याचा हात सुटला तर चाक आपोआप अडकावं. एक मोठी कंपनी त्याच्याकडून तो घ्यायला तयार होती, पण पेटंट मिळणार असेल तरच. नाहीतर ती स्वतःच बनवणार होती.

"कोणाला दाखवलंत?"

"कोणालाच नाही. म्हणजे, बाबांनी नेटवर एक व्हिडिओ टाकलाय मध्यंतरी. पण त्यांना यातलं काही कळत नाही हो. मी जेवताना सांगत असतो, ते ताटातून मान वर करत नाहीत."

वहिनीने व्हिडिओ लावला. आधी आवाज बंद करून. चित्र आणि बोलणं ती वेगवेगळं तपासते. खुर्ची, उतार, थांबलेलं चाक. आतलं काहीच दिसत नव्हतं. मला हायसं वाटलं.

"आता भिस्त त्यांच्या बोलण्यावर," वहिनी म्हणाली. "काहीतरी चुकीचं सांगितलेलं असू दे."

तिने आवाज सुरू केला. म्हातारा सावकाश बोलत होता. मूठ सोडली की तार सैल पडते, स्प्रिंग खुंटीला चाकावरच्या दातांत ढकलते. सरळ दातांतून खुंटी निसटायची, म्हणून पोराने दात तिरके कापले. वहिनी पेन धरून चुकीची वाट बघत होती. चूक आली नाही. शेवटी म्हातारा म्हणाला, "माझ्या पोराने केलंय हे. हुशार आहे. तोंडावर सांगत नाही मी."

"यातलं काही आता मिळणार नाही," वहिनी म्हणाली. गोड बोलणं तिला जमत नाही. "नंतर काही सुधारणा केली असेल तर तेवढीच वाचेल."

"नाही केली," तो म्हणाला.

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. "निदान व्हिडिओ तरी काढून टाका," मी म्हणालो.

"काढून फरक पडत नाही," वहिनी म्हणाली.

"काढायचा नाहीच आहे," तो म्हणाला. "बाबा खाली गाडीत बसलेत. विचारलं तर काम झालं म्हणून सांगतो." मग म्हणाला, "परत लावता का? दातांपासून."

वहिनीने लावला. आवाज त्याने स्वतः वाढवला.