सासूबाई, डेल आणि मागचा ॲक्सल

मागच्या उन्हाळ्यापर्यंत ॲक्सल या वस्तूशी माझा संबंध एवढाच होता, की माझ्या गाडीला तो असावा असा माझा अंदाज होता.

आम्ही ओहायोत, डब्लिनच्या अगदी कडेला राहतो. आमच्या कुंपणापलीकडे घरं संपतात आणि डेलचं शेत सुरू होतं. डेल साठीचा, सहा फूट उंच आणि शब्द मोजून वापरणारा. त्याला नाद एकच, ट्रक पुलिंगचा! मातीच्या मैदानावर ट्रकच्या मागे एक अवाढव्य लोखंडी घसरगाडी बांधायची आणि ओढत न्यायची. ट्रक जसजसा पुढे जातो तसतसं घसरगाडीवरचं वजनही पुढे सरकतं आणि ओढणं कठीण होत जातं. जो जास्त लांब ओढेल तो जिंकला. (माझं ऑफिसातलं काम काही वेगळं नाही, पण तिथे टाळ्या वाजत नाहीत.)

काउंटी फेअरमधली, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेतली, स्पर्धा शनिवारी होती आणि बुधवारी सराव करताना डेलच्या ट्रकचा मागचा ॲक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा आस, कडाडकन तुटला. आवाज ऐकून माझ्या सासूबाई कुंपणाकडे धावल्या. सासूबाईंनी नागपूरला तीस वर्षं ट्रकच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवलंय. आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या होत्या आणि तिसऱ्या आठवड्यातच कंटाळल्या होत्या. तुटलेला दांडा बघून त्यांचा चेहरा असा उजळला, जसा विमानतळावर मला बघूनही उजळला नव्हता!

"पिळून तुटला बाप्पा! जावईबापू, सांगा त्यांना. माल खराब नाही, मापच लहान पडलं. एवढ्या ओढीला डंपरचा ॲक्सल पाहिजे."

मी सांगितलं. डेलने टोपी मागे सारली. "यांना नुसतं बघून कळलं?"

"शी इज ॲन एक्स्पर्ट," मी म्हणालो. (जणू मीच शिकवलं होतं!)

गुरुवारी मी ऑफिसला 'वर्किंग फ्रॉम होम' असं कळवलं आणि आम्ही तिघं भंगार ट्रकांच्या यार्डात गेलो. तिथे तीन ॲक्सल होते. पहिल्याला सासूबाईंनी पान्याने ठोकलं, कान लावला आणि मान हलवली. "भेग आहे." दुसऱ्यातलं तेल बोटांवर चोळलं. "चुरा आहे तेलात. आतले गिअर खाल्लेत." तिसऱ्याभोवती मात्र त्या दोनदा फिरल्या.

"हा घ्या. म्हातारा आहे, पण मजबूत आहे."

त्यात एकच उणीव होती. इंजिनची ताकद मधल्या गिअरच्या डब्यापासून, म्हणजे डिफरन्शियलपासून, चाकांपर्यंत नेणारे दोन्ही शाफ्ट, म्हणजे दांडे, कुणीतरी काढून नेले होते. डेल म्हणाला, नवे आणू. पण शाफ्टच्या टोकाला दाते असतात आणि ते आतल्या खाचांशी तंतोतंत जुळावे लागतात. सासूबाईंनी आत हात घातला, नखाने खाचा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"एकोणचाळीस," त्या म्हणाल्या. मग डेलकडे वळून त्यांनी बोलायला तोंड उघडलं, "थर्..."

"आई, राहू द्या, मी सांगतो ना!" मी म्हणालो. दुभाषा म्हणून माझा काही मान होता की नाही? डेलने पार्ट्सच्या दुकानाला फोन लावलाच होता. क्रेनच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून फोन घेऊन मी लांब गेलो.

"किती दाते?" दुकानदाराने विचारलं.

"फॉर्टी-वन."

"नक्की? आमच्याकडे थर्टी-नाइनचेही आहेत."

"शंभर टक्के!" मी म्हणालो.

(वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.)

शनिवारी सकाळी अकराला शाफ्ट आले. डेलच्या शेडमध्ये ट्रक उचलून ठेवलेला, नवा ॲक्सल खाली बसवलेला. चारच्या आत मैदानावर हजेरी लावायची होती. डेलने शाफ्ट आत सरकवला. जाईना. फिरवला, ग्रीस लावलं. तरी जाईना! डेलच्या मानेची शीर तट्ट फुगली. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला, जो मी सासूबाईंसाठी 'अरेरे' असा भाषांतरित केला.

सासूबाईंनी शाफ्ट मांडीवर घेतला आणि दाते मोजले. मग माझ्याकडे बघितलं.

"हे एक्केचाळीस आहेत. काहून?"

"तुम्हीच म्हणालात ना, एकोणचाळीस!"

"मग?"

"म्हणजे... चाळीस आणि वर एक."

माझी बायको रश्मी लिंबाचं सरबत घेऊन आली होती. ती ट्रे धरून जागीच थांबली.

"अरे, एकोण म्हणजे एक कमी!"

"ओ माय गॉड, बाबा!" आमची बारा वर्षांची ईरा म्हणाली. "इव्हन आय नो दॅट!"

डेलला एव्हाना भाषांतराची गरज उरली नव्हती. त्याने फक्त घड्याळ दाखवलं. बारा वाजून दहा मिनिटं. दुकान चाळीस मिनिटांवर आणि शनिवारी एक वाजता बंद!

मी शाफ्ट गाडीत टाकले आणि निघालो. फोनवर दुकानाचं संगीत वाजत होतं आणि एक बाई दर मिनिटाला सांगत होती, की माझा कॉल त्यांना फार महत्त्वाचा आहे. पुढे एक ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध संथपणे चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी हॉर्न वाजवला (अमेरिकेतल्या आयुष्यात!). ट्रॅक्टरवाल्याने वळून प्रेमाने हात हलवला.

एकला दोन मिनिटं कमी असताना पोचलो, तेव्हा दुकानदार दाराला कुलूप घालत होता.

"सर, प्लीज! माझ्या सासूबाई वाट बघतायत!"

त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. त्यालाही सासू असावी. तो कुलूप काढून आत गेला आणि नवे शाफ्ट घेऊन आला. मी ते काउंटरवर ठेवून एकेक दाता मोठ्याने इंग्रजीत मोजला. दोन्ही शाफ्टचे. दोनदा.

शाफ्ट आत गेले ते लोण्यात सुरी जावी तसे. चारला पाच मिनिटं उरली असताना आम्ही मैदानावर पोचलो. डेलचं नाव पुकारलं गेलं. ट्रकने काळा धूर सोडला, साखळी ताणली गेली, पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. मी डोळे मिटले. तुटला तर मला दुसऱ्या राज्यात घर बघावं लागणार होतं!

"ओढ! ओढ रे!" सासूबाई कठड्यावर चढून ओरडत होत्या.

ॲक्सल तुटला नाही. डेल तिसरा आला, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे इतका लांब तो कधीच गेला नव्हता. तो ट्रकमधून उतरला, थेट सासूबाईंपाशी आला आणि टोपी काढून वाकला. मग माझ्याकडे वळला. मी नम्रपणे हसून तयार राहिलो.

"आणि तू," तो म्हणाला, "गाडी बरी चालवतोस."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळीच आवरून निघालो, तर सासूबाईंनी विचारलं, "कुठं निघाले?"

"मराठी शाळेत," मी खालच्या आवाजात म्हणालो. "उन्हाळ्याची सुट्टी संपली, आजपासून वर्ग सुरू... लहान मुलांना शिकवतो मी."

"काय शिकवता?"

"एक ते पन्नास."

त्यांनी पायांत चपला सरकवल्या. त्या परत जाईपर्यंत वर्गातले आकडे त्यांनीच शिकवले. मी फक्त हजेरी घ्यायचो, आणि मुलं किती आली ते त्या पुन्हा एकदा मोजून बघायच्या.