सुपारीच्या दिवशीचा स्वयंपाक

देवश्री आमच्या शेजारच्या घरात सून म्हणून आली तेव्हा त्या घरात सासू नव्हती. सासऱ्यांना सगळी कॉलनी दादा म्हणे. ते देवासच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, नवरा शंतनू तिथेच पाळीवर जात होता आणि नणंद जान्हवी कॉलेजात होती. इथल्या बऱ्याच मराठी घरांसारखे हेही नोकरीमागून आलेले घर. देवश्रीचे माहेरही तसेच. पितरांचे सगळे गावी थोरल्या काकांकडे व्हायचे, वडील एकटे जाऊन यायचे. त्यामुळे त्या दिवशी काय रांधतात हे तिने कधी पाहिलेच नव्हते. दादा तर पितृपक्षात देवळात शिधा देऊन मोकळे होत.

ती एका कचेरीत टायपिंग करी. संध्याकाळी थकून यायची आणि रोज काय करायचे हा प्रश्न समोर असायचा. २००२ च्या सुमाराला तिच्या वाटेवर सायबर कॅफे निघाला. इंग्रजीत ‘झटपट’ आणि ‘सोपे’ असे टाईप केले की पदार्थांच्या रांगा येतात, हे तिला तिथे कळले. मग ती एखादे पान छापून आणी आणि ओट्यावर डब्याला टेकवून ठेवी. तिच्या हाताला चव होती. कॉलनीतल्या बायका तिच्याकडून ती पाने मागून नेत. दादा जेवायला बसताना विचारायचे, “आज नेट चालू होतं ना सूनबाई, की खिचडीच?” जान्हवी तिची बाजू घ्यायची. त्या दोघींचे बहिणींसारखे होते.

पुढच्या वर्षी जान्हवीला धारचे स्थळ आले. जुन्या दरबारी घराण्यातले तात्यासाहेब, त्यांच्या पत्नी जयवंतीबाई आणि मुलगा रणवीर. तात्यासाहेबांच्या आई गेल्यामुळे त्यांनी वर्षभर शुभकार्य थांबवले होते. वर्षश्राद्ध आटोपल्यावर दिवाळीनंतर सुपारी फोडायला येतो, असा त्यांचा निरोप आला.

घरात वडील बाई नाही म्हणून मला बोलावणे होते. मी मदतीला लवकर येऊ का, असे विचारले तर देवश्रीने मान हलवली. “नाही काकू, तुम्ही पाहुण्यासारख्या या. असली मराठी थाळी करते, बघाच.”

ती थाळी तिला एका परदेशस्थ मराठी बाईच्या पानावर सापडली होती. आजीच्या हातचे पदार्थ, सोप्या इंग्रजीत लिहिलेले. वर मथळा मराठीत होता, पण कॅफेच्या संगणकावर मराठी अक्षरे उमटत नसत, त्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत. खाली पूर्ण जेवणाचा बेत होता आणि तो एका सकाळीत होणारा होता. तिने तोच छापून घेतला.

मी पोहोचले तेव्हा पाने वाढून झाली होती आणि मंडळी पाटांवर बसत होती. मी ताटाकडे पाहिले आणि दारातच थांबले. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कारल्याची भाजी, गवार आणि तांबडा भोपळा, कढी, आमसुलाची चटणी. यातला एकेक पदार्थ कुठल्याही दिवशी चालतो. सगळे मिळून एका ताटात येतात ते फक्त श्राद्धाच्या दिवशी.

तात्यासाहेबांनी ताटाभोवती पाणी फिरवायला हात उचलला होता. तो तसाच राहिला. दादांची मान खाली गेली.

जयवंतीबाईंनी शांतपणे विचारले, “हे पान कुणासाठी वाढलंय?”

देवश्रीला वाटले, कौतुक चालले आहे. ती हसली. “तुमच्यासाठीच, काकीसाहेब. आमसूल तर खास इंदूरहून मागवलं.”

ते हसणे मला आजही डोळ्यांसमोर नको वाटते.

तात्यासाहेबांनी ताटाला नमस्कार केला आणि ते उठले. त्यांच्यामागे सगळेच उठले. सुपारी तबकात तशीच राहिली. गाडी गेल्यावर, ते पान कशाचे होते हे दादांनी तिला दोनच वाक्यांत सांगितले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. कुणी हाक मारली तरी वळेना.

गोष्ट कॉलनीभर झाली. पाणी भरताना कुणीतरी मोठ्याने म्हणाले, “भाभी, आज किसका श्राद्ध है, नेट से पूछा क्या?” बायका हसल्या. देवश्रीने अर्धीच बादली उचलली आणि ती घरात गेली. त्यानंतर ती कॅफेच्या रस्त्याने जाईना, दुसऱ्या गल्लीतून वळसा घेई. धारहून काही कळत नव्हते. जान्हवी म्हणायची, मोडलं तर मोडू दे, एवढ्यावरून वहिनीला नावं ठेवणाऱ्यांचं घर मला नको. पण ती रणवीरला विसरलेली नाही हे देवश्रीला दिसत होते, आणि आपल्यामुळे नणंदेचे लग्न मोडते आहे हे तिला घास गिळू देत नव्हते.

शेवटी माहेरी जाते असे सांगून ती धारला निघाली. सोबत मला घेतले. जयवंतीबाईंनी आम्हाला बसवले, पाणी दिले. देवश्रीने काही लपवले नाही. मला माहीत नव्हते, कुणाला विचारले नाही, चूक माझी एकटीची आहे, जान्हवीला त्याची शिक्षा नको, एवढे ती बोलली आणि पाया पडली.

जयवंतीबाईंनी तिला हाताला धरून उठवले. मग म्हणाल्या, “यांनी शब्द दिलाय, लग्न मोडायचं नाही. पण मांडवात वाढायला तू उभी राहू नकोस. आमच्याकडची माणसं पाहतात, बोलतात.”

“जी,” देवश्री म्हणाली.

नवरीच्या भावजयीने व्याह्यांच्या पंगतीला गोड वाढायचे, हा तिचा मान. तो तिने एका शब्दात सोडला. परतीच्या बसमध्ये तिने माझा हात धरला. “काकू, हे जान्हवीला कळता कामा नये. ती तडकाफडकी नाही म्हणेल.”

लग्न धारलाच झाले. आदल्या संध्याकाळी देवश्री उजव्या हाताला पांढरी पट्टी गुंडाळून आली. तेलाने भाजले, असे तिने सगळ्यांना सांगितले. पंगत बसली तेव्हा ती सामानाच्या खोलीत दागिन्यांच्या पेटीजवळ राहिली. बाहेर चुलत जावा जिलबी वाढत होत्या. कुणीतरी चेष्टेने म्हणाले, बरं झालं हात भाजला. ते तिने ऐकले. मीही ऐकले, आणि पुढे होऊन एक शब्द बोलावा तर तो बोलण्याची मला मनाई होती.

लग्नाच्या शालूतच जान्हवी मलम घेऊन खोलीत आली. “वहिनी, पट्टी सोड, लावून देते. तुझ्या हातची जिलबी मिळाली नाही मला.”

देवश्रीने हात पदराखाली घेतला.

“आता नको,” ती म्हणाली. “फार दुखतोय. तू जा, तिकडे वाट पाहतायत.”