बोटांच्या पेरांवरचं वर्ष

अहेरीजवळच्या रोपवाटिकेत मी रोजंदारीवर होतो. मस्टर लिहिणारा आमचा बाबू भारी मायाळू. हजेरी घेताना अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत तो ओठातल्या ओठात माझे दिवस मोजायचा. सलग दोनशे चाळीस भरले की वर्ष धरतात, मग माणूस कायम व्हायचा हक्क सांगू शकतो, असं आम्ही ऐकून होतो. दोनशे तीसच्या पुढे बाबूची माया दाटून यायची.

"लई थकलेला दिसून राह्यला, भाऊ. पंधरा रोज घरी जाय."

"मले काई नाई झालं, बाबू."

"झाल्यावर जाशीन का?"

परत आलो की अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर.

फाटकाशी मी लावलेला साग आता माझ्या दुप्पट उंच आहे. बाबूच्या बोटांवर माझं पहिलं वर्ष अजून भरायचं आहे.