बंदरावरची हसरी बाई

कोणताही मजकूर समोर आला की काका चष्मा काढून टेबलावर ठेवत, डोळे मिटून घेत आणि म्हणत, "वाच. मला माणूस दिसला पाहिजे." वाचून झालं की डोळे मिटलेलेच ठेवून निकाल देत, "नाही दिसला. नुसतीच उद्घाटनाची पाटी दिसली."

सॉल्ट लेकमधल्या आमच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. बाकीचे त्यांना दादा म्हणत, मी काका. मला कोलकात्यात आणलं नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीनं. काका सरकारी नोकरीत बराकपूरला आले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. डबा उघडला की एक घास खाऊन म्हणत, "तुझ्या काकूनं आमटीत पुन्हा साखर घातली. या गावानं माझी बायको फितवली गं." आणि डबा चाटूनपुसून संपवत.

आमचं काम काय होतं, ते सांगायला हवं. दूरच्या एका देशाच्या सरकारला बंदर बांधायचं होतं. त्यासाठी किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव उठवलं होतं. युरोपात त्यावर टीका होऊ लागली आणि कर्ज अडलं. मग युरोपातल्या शहरांतून 'मैत्री संघ' उभे राहिले. सभासद तिथलेच, प्राध्यापक, व्यापारी वगैरे. पैसा आणि फोटो मात्र त्या सरकारचे. आणि संघांच्या वतीनं वर्तमानपत्रांना जाणारे लेख लिहीत होतो आम्ही, कोलकात्यात बसून.

काकांना यात काही वावगं वाटत नसे. "बंदर झालं तर लोकांना कामं मिळतील ना? आपण खोटं बोलत नाही, चांगली बाजू उजेडात धरतो," ते म्हणत.

एके दिवशी एका कोळणीचा फोटो आला. डोक्याला रुमाल, मान किंचित मागे, तोंडभर हसू. काका बराच वेळ बघत राहिले. मग तिच्या तोंडून लेख लिहिला. नवं पक्कं घर, नळाचं पाणी, रात्री भरतीची भीती न वाटता लागलेली झोप. मी तो दोनदा वाचला. तो छापून आला, पुष्कळ फिरला, युरोपातल्या एका संसदेत कुणीतरी वाचून दाखवला. बंदराचं कर्ज सुटलं. ऑफिसात संदेश मिठाई वाटली गेली. साहेब म्हणाला, "दादा, तुमची ती बाई म्हणजे कमाल!"

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, फोन आला. मैत्री संघाच्या जाहीर पानावर चौकशीसाठी आमचाच नंबर होता. तुटक्या इंग्रजीत एक बाई विचारत होती, "माझ्या आईच्या नावानं कोणी लिहिलं?" कुणीतरी फोन काकांच्या हातात दिला.

ते बोलले फार थोडं. शेजारच्या खुर्चीवर मला तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. गाव उठल्यावर आईला पत्र्याच्या छावणीत ठेवलं होतं. तिथे ताप आला, डॉक्टर आला नाही, आई गेली. घर तिनं कधी पाहिलंच नाही. फोटो त्याआधीचा, गावातला, सरकारी माणसानं काढलेला. "ती हसतेय, कारण माझी तान्ही मुलगी तिचा रुमाल ओढतेय," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या मुलीला कापून टाकलंत."

फोन ठेवल्यावर काकांनी तो फोटो उघडला आणि मोठा केला. रुमालाच्या कडेला चार इवलीशी बोटं होती. आम्हाला कुणालाच ती दिसली नव्हती.

त्या दिवसापासून काका बदलले. त्यांनी साहेबाला दुरुस्ती छापायला सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छेडे दिन, दादा. सोडून द्या. काम संपलंय." काकांनी नोकरी सोडली. वर्तमानपत्राला स्वतःच्या नावानं कळवलं. वर्तमानपत्रानं संघाला विचारलं, आणि संघानं उत्तर दिलं की हा काढून टाकलेला, चिडलेला माणूस आहे. तिथेच विषय मिटला.

मग विरुद्ध बाजूच्या एका संघटनेनं त्यांना गाठलं. ते छापायला तयार होते, पण बाई सैनिकांच्या मारानं गेली असं हवं होतं. तापानं मेली म्हटलं की म्हणे लोक पान उलटतात.

"पण ती तापानंच गेली," काका म्हणाले.

"आम्ही योग्य बाजूला आहोत, सर."

"मीही हेच म्हणायचो," म्हणून काकांनी फोन ठेवला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हसायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

त्या हिवाळ्यात पुस्तक मेळ्यात त्या देशाचाही मंडप होता. दारातच ती बाई, माणसाच्या दुप्पट उंचीची. एवढ्या मोठ्या चित्रात बोटं सहज दिसत होती. पोरंपोरी तिच्याजवळ उभं राहून सेल्फी घेत होती. काका चित्राशेजारी उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हलक्या आवाजात बंगालीत सांगत होते, "या बाई आता नाहीत." लोकांना वाटे, म्हातारा मंडपातलाच कुणी असावा. काहीजण मान डोलावून माहितीपत्रक मागत. शेवटी पहारेकऱ्यानं त्यांना चहा पाजून फाटकापर्यंत पोचवलं. मी सोबत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "अगं, ती मला झोपेत येते. स्वतःचं काही बोलत नाही. मी लिहिलेलं म्हणून दाखवते."

तिच्या मुलीशी मात्र त्यांचं नातं जुळलं. त्यांनीच तिला परत फोन केला होता, माफी मागायला. पुढे दर रविवारी ती फोन करू लागली. काका आईबद्दल विचारत आणि ती सांगत. आईला मासे साफ करायचा कंटाळा. रेडिओवरच्या बातम्यांशी ती भांडायची. पोहणं येत असून खोल पाण्याला भ्यायची. मी एकदा विचारलं, "काका, हे लिहिणार का?"

"नाही," ते म्हणाले. "हे तिचं आहे."

चैत्रात काका झोपेतच गेले. मी बराकपूरला काकूंना भेटायला गेले, तो रविवार होता. आम्ही बसलेलो असतानाच काकांचा फोन वाजला. काकूंनी उचलला. इंग्रजी त्यांना येत नाही. मी हात पुढे केला, "द्या, मी सांगते."

काकूंनी मानेनंच नको म्हटलं. "ते गेले," त्या मराठीत म्हणाल्या. "ते नाहीत गं बाळा."

पलीकडे तिला काय कळलं कोण जाणे. मग ती हळूहळू बोलू लागली, इंग्रजीत नाही, स्वतःच्या भाषेत, मधेच थांबत, मधेच रडत. काकू दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यातला एक शब्दही त्यांना कळत नव्हता. तरी ती जरा थांबली की त्या म्हणत होत्या, "हं… सांग."